चिपचे आकारमान आणि खेळयंत्राची किंमत

(भाषणाचा मजकूर)

मार्च २००० मध्ये जपानच्या बाजारपेठेत ‘प्लेस्टेशन २’ नावाचे खेळयंत्र विक्रीस आले. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या अशा यंत्रास व्यवहारात गेम कन्सोल म्हणतात. त्याची किंमत ३९,८०० येन होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत २९९ डॉलरला विकले जाऊ लागले. पुढे मे २००२ मध्ये ही किंमत १९९ डॉलर झाली, मे २००३ मध्ये १७९, मे २००४ मध्ये १४९, एप्रिल २००६ मध्ये १२९ आणि एप्रिल २००९ मध्ये ९९ डॉलर. या नऊ वर्षांत जगात महागाई थांबलेली नव्हती. २००८ च्या जुलैत तर खनिज तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला. असे असता हे यंत्र मात्र एकतृतीयांश किमतीवर आले; आणि ते काही कमी काम करू लागले होते असेही नाही. २००० साली जो खेळ त्यावर चालत होता तोच खेळ २००९ च्या यंत्रावरही चालत होता.

ही स्वस्ताई व्यापाऱ्याच्या औदार्यातून आलेली नव्हती. स्पर्धेचा तीत वाटा होता, हे खरे; परंतु स्पर्धा माणसाला किंमत उतरविण्यास भाग पाडते, खर्च उतरविण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नसते. ते सामर्थ्य कोठून आले हे पाहावयाचे तर यंत्राची पेटी उघडून तिच्यातील दोन चौकोनी चिपांकडे पाहिले पाहिजे. शाळेतील संगणक, पंचायतीच्या कार्यालयातील छपाईयंत्र, शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइल या सर्वांच्या किमतीमागे हेच गणित असते. खेळयंत्रात ते अधिक स्वच्छ दिसते एवढेच, कारण खेळयंत्र वर्षानुवर्षे एकच काम करीत राहते आणि बदलतो तो केवळ त्याचा अंतर्भाग.

चिप ही सुटी-सुटी घडविली जात नाही. अतिशुद्ध सिलिकॉनच्या गोल, पातळ चकतीवर एकाच वेळी शेकडो चिपा उमटविल्या जातात आणि नंतर ती चकती कापून त्या वेगळ्या केल्या जातात. या चकतीस कारखान्यात वेफर म्हणतात. दिवाळीत घरोघरी शंकरपाळी कशी होतात ते आठवावे. पोळी गोल लाटली जाते आणि कातण्याने तिचे चौकोनी तुकडे पाडले जातात. कडेचे तुकडे वेडेवाकडे निघतात. गृहिणी ते तसेच तळून मुलांच्या हाती देते. चिपच्या कारखान्यात मात्र कडेचा अपुरा तुकडा निव्वळ वाया जातो. पोळी लाटण्याची मेहनत, पीठ, तूप, साखर हा खर्च एका पोळीचा असतो, तुकड्यांचा नसतो. तुकडे लहान पाडले तर त्याच पोळीत अधिक शंकरपाळी बसतात. चकतीचेही तसेच आहे. तिच्यावर थर चढविणे, प्रकाशाने आकृती उमटविणे, नको तो भाग रसायनांनी कोरून काढणे, तापविणे, धुणे अशा शेकडो प्रक्रिया होतात आणि त्यांचा खर्च चकतीमागे ठरतो. त्या चकतीतून शंभर चिपा निघोत की तीनशे, खर्च जवळजवळ तोच.

यापुढची गोष्ट थोडी अधिक मजेची आहे. पिठात एखादा खडा राहिला तर तो ज्या तुकड्यात जाईल तो तुकडा फुकट जातो. चिपच्या कारखान्यात हवा कितीही गाळली तरी सूक्ष्म धूलिकण वा प्रक्रियेतील दोष चकतीवर कोठे ना कोठे राहतातच. ढोबळ उदाहरण घ्यावयाचे तर एका चकतीवर शंभर चिपा आहेत आणि चाळीस ठिकाणी दोष आहेत असे समजू. प्रत्येक दोष वेगळ्या चिपेत पडला तर साठ चांगल्या राहिल्या. आता त्याच चकतीवर चिपा एकतृतीयांश आकाराच्या करून तीनशे बसविल्या. दोष चाळीसच, म्हणजे दोनशे साठ चिपा चांगल्या निघाल्या. आकार एकतृतीयांश झाला, पण चांगल्या चिपेमागचा खर्च एकचतुर्थांशाहूनही खाली गेला. लहान चिपेची चकती नव्या, महागड्या यंत्रसामग्रीवर तयार होते, सबब तिचा खर्च दीडपट धरला तरी चांगली चिप पूर्वीच्या सुमारे एकतृतीयांश खर्चात पडते. कारखानदाराच्या दृष्टीने मोठी चिप दोन प्रकारांनी शिक्षा करते: ती जागा अधिक व्यापते आणि खडा वाट्याला येण्याची शक्यताही वाढविते.

चिप लहान करावयाची म्हणजे तिच्यातील ट्रान्झिस्टर लहान करावयाचे. त्यांची पिढी पूर्वी मायक्रॉनमध्ये आणि आता नॅनोमीटरमध्ये सांगितली जाते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. लांबी व रुंदी दोन्ही घटत असल्यामुळे क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात घटते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. ९० नॅनोमीटरवरून ६५ वर आले की क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे. ६५ वरून ४५ वर आले की पुन्हा निम्म्याहून किंचित कमी. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका चिपेवरील घटकांच्या वाढत्या संख्येविषयी भाकीत केले. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ट्रान्झिस्टर लहान करताना विद्युत्दाबही त्याच प्रमाणात उतरविला तर उष्णता आटोक्यात राहते, हे दाखवून दिले. खेळयंत्रांचा सारा व्यापार या दोन गृहस्थांच्या भरवशावर उभा राहिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता प्लेस्टेशन २ कडे परत वळू. २००० सालच्या यंत्रात दोन प्रमुख चिपा होत्या. ‘इमोशन इंजिन’ ही गणनेची चिप सुमारे २४० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाची होती आणि ‘ग्राफिक्स सिंथेसायझर’ ही चित्रे रेखाटणारी चिप सुमारे २७९ चौरस मिलिमीटरची. दोन्ही पाव मायक्रॉनच्या, म्हणजे २५० नॅनोमीटरच्या पिढीतील. घरात खेळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत एवढ्या मोठ्या चिपा घालणे हे त्या काळी धाडसच होते. २०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर, एकही दोष नाही असे धरले तरी, या दोन चिपांचे सुमारे पंचेचाळीस जोड बसतात. म्हणजे एका चकतीत पंचेचाळीस यंत्रे. कंपनीने पुढील तीन वर्षांत या चिपा टप्प्याटप्प्याने लहान केल्या आणि २००३ मध्ये दोहोंना एकाच ९० नॅनोमीटरच्या चिपेत एकत्र आणले. त्या एका चिपेवर ५ कोटी ३५ लक्ष ट्रान्झिस्टर होते आणि तिचे क्षेत्रफळ होते ८६ चौरस मिलिमीटर. ५१९ चे ८६ झाले, सहावा हिस्सा. तेवढ्याच चकतीवर आता तीनशेहून अधिक यंत्रांची सोय झाली. निव्वळ वर्गाच्या हिशेबाने पाहिले तर ५१९ चे ६७ व्हावयास हवे होते. ते झाले नाही, कारण चिपेचा सर्व भाग सारख्या प्रमाणात आक्रसत नाही. बाहेरच्या तारांशी बोलणारी मंडले जवळजवळ जेथल्या तेथे राहतात.

दोन चिपांची एक झाली याचे लाभ चिपेपुरते मर्यादित राहत नाहीत. दोन आवरणांऐवजी एक आवरण, दोन चाचण्यांऐवजी एक चाचणी. दोन चिपांमधील शेकडो तारांचे जाळे पाटीवरून नाहीसे झाले, पाटी लहान झाली. लहान ट्रान्झिस्टरना वीज कमी लागते, म्हणून विद्युत्पुरवठ्याचा भाग हलका झाला. उष्णता कमी, म्हणून ती वाहून नेणारा धातूचा ठोकळा आणि पंखा लहान झाला. २००४ च्या शरद ऋतूत जे बारीक प्लेस्टेशन २ बाजारात आले त्याचे वजन ९०० ग्रॅम होते. मूळ यंत्र दोन किलोहून अधिक वजनाचे होते. घनफळ तर पाऊणपट घटले. साहजिकच एका कंटेनरमध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक यंत्रे बसू लागली. ही यंत्रे चीनमधून जहाजाने युरोपात जात. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझ कालव्यात एक तेलवाहू जहाज अडकून वाहतूक खोळंबली, नाताळाचा हंगाम तोंडावर आला आणि ब्रिटनमधील दुकाने रिकामी पडू लागली, तेव्हा कंपनीने मालवाहू रशियन विमाने भाड्याने घेऊन माल पोहोचविला. पूर्वीच्या आकाराची यंत्रे असती तर एका विमानात कितीशी मावली असती, हा हिशेब ज्याचा त्याने करून पाहावा.

येथे एक शंका रास्त आहे. चिप लहान होताना ती वेगवानही होते. मग तो वेग ग्राहकास का दिला जात नाही? संगणकाच्या बाबतीत तो दिला जातो. खेळयंत्राची गोष्ट निराळी. खेळ लिहिणारा एका ठरलेल्या यंत्रासाठी लिहितो, आणि पहिल्या वर्षी यंत्र घेणाऱ्याला तसेच सातव्या वर्षी घेणाऱ्याला खेळ एकसारखाच दिसला पाहिजे. त्यामुळे लघुकरणाचा सर्व लाभ वेगाकडे न जाता खर्चाकडे वळविला जातो. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्रात २०१० साली गणनेची आणि चित्रांची चिप ४५ नॅनोमीटरच्या एकाच तुकड्यावर आली. २००५ च्या मूळ चिपांच्या तुलनेत वीज ६० टक्क्यांनी व क्षेत्रफळ ५० टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही भाग शेजारी आल्यामुळे त्यांच्यातील संदेशवहन आपोआप जलद झाले असते. अभियंत्यांनी ते होऊ दिले नाही. जुन्या यंत्रात संदेश पोहोचण्यास जेवढा विलंब लागे तेवढाच विलंब मुद्दाम लावणारा एक भाग त्यांनी नव्या चिपेत बसविला. अभियांत्रिकीच्या इतिहासात इतक्या काटेकोरपणे मंदगती जपल्याची उदाहरणे फार नसावीत. याच यंत्राच्या आरंभीच्या आवृत्त्या तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांत नादुरुस्त होत असत आणि जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या दुरुस्तीसाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूस काढली होती. कमी तापणारी चिप म्हणजे दुरुस्तीचा खर्चही कमी, हा धडा तिला महागात शिकावा लागला.

या सगळ्यात एक जुगार दडलेला आहे. आरंभी यंत्र बनविण्यास जेवढा खर्च येतो त्याहून कमी किमतीस ते विकावयाचे, तोटा सोसावयाचा, आणि चिप लहान होत जाईल तसा तो तोटा भरून येईल व खेळांच्या विक्रीतून नफा होईल, या आशेवर तग धरावयाचा. ज्याच्या गाठीस तेवढा पैसा नाही त्याचे काय होते? सेगा या जपानी कंपनीने नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘ड्रीमकास्ट’ हे यंत्र २९,८०० येनला बाजारात आणले. सातच महिन्यांत, जून १९९९ मध्ये, तिने किंमत १९,९०० येनवर आणली. किंमत हुकमाने उतरते. खर्च हुकमाने उतरत नाही. ३१ जानेवारी २००१ रोजी कंपनीने यंत्राचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा हे त्या वेळी आजारी होते. त्यांनी सुमारे ८,५०० कोटी येन मूल्याचे आपले समभाग कंपनीस देऊन टाकले आणि मार्च २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. सेगा कंपनी जगली. परंतु तिने यंत्र बनविणे कायमचे सोडले आणि इतरांच्या यंत्रांसाठी खेळ लिहू लागली.

सोनीकडे पैसा होता, तरी ‘प्लेस्टेशन ३’ ने तिचीही परीक्षा पाहिली. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आलेल्या या यंत्राची धाकटी आवृत्ती ४९९ डॉलरला विकली जात होती. ते यंत्र सुटे करून पाहणाऱ्या आयसप्लाय या संस्थेने ते बनविण्याचा खर्च सुमारे ८०६ डॉलर असल्याचा अंदाज वर्तविला. म्हणजे प्रत्येक ग्राहकाबरोबर तीनशे डॉलर बांधून दिल्यासारखेच झाले. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या खेळविभागास २३,२३० कोटी येनचा तोटा आला. प्लेस्टेशनचे जनक मानले जाणारे केन कुतारागी हे त्याच वर्षी निवृत्त झाले.

त्या यंत्रातील ‘सेल’ ही चिप ९० नॅनोमीटरची आणि सुमारे २३५ चौरस मिलिमीटरची होती. तिच्यावर एक मुख्य गणक व आठ सहायक गणक कोरलेले होते. यंत्रात मात्र सातच सहायक वापरले जात. आठवा बंद असे. ही उधळपट्टी नव्हे, काटकसर आहे. आठांपैकी एखाद्यावर खडा पडला तर तोच बंद करावयाचा आणि चिप वापरात आणावयाची; आठही ठाकठीक निघाले तरी एक बंदच ठेवावयाचा, म्हणजे सर्व यंत्रे सारखी. फेकून द्यावे लागले असते असे कितीतरी तुकडे या युक्तीने कामी आले. पुढे ही चिप ६५ नॅनोमीटरवर सुमारे १७५ आणि ४५ नॅनोमीटरवर सुमारे ११५ चौरस मिलिमीटर झाली. सप्टेंबर २००९ मध्ये बारीक प्लेस्टेशन ३ आले ते २९९ डॉलरला. त्याच उन्हाळ्यात कंपनीच्या वित्तप्रमुखांनी उत्पादनखर्च सुमारे ७० टक्क्यांनी उतरल्याचे सांगितले होते. या घसरणीचे सर्व श्रेय चिपेस देणे न्याय्य होणार नाही. निळ्या लेसर किरणांचे तबकडीवाचक आरंभी दुर्मिळ व महाग होते, तेही स्वस्त झाले. शिवाय कंपनीने काही गोष्टी सरळ काढूनच टाकल्या. पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्ये जुने खेळ चालावेत म्हणून प्लेस्टेशन २ ची ती ८६ चौरस मिलिमीटरची जोडचिप बसविलेली होती. एकेकाळी काटकसरीचा कळस ठरलेली ती चिप आता अनावश्यक खर्च ठरून वगळली गेली. ग्राहकाला ही काटकसर मात्र दिसली, आणि रुचली नाही.

लघुकरण सर्वांनाच परवडते असेही नाही. नव्या पिढीत चिप उतरविण्यासाठी आराखडा पुन्हा करावा लागतो, प्रकाशछाप्यांचा नवा संच काढावा लागतो, चाचण्या घ्याव्या लागतात. हा खर्च एकरकमी असतो. कोट्यवधी यंत्रे खपणार असतील तर तो वाटून नाहीसा होतो. प्लेस्टेशन २ ची जगभरातील विक्री पंधरा कोटींच्या पुढे गेली. याउलट, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेसाठी मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेला ‘विक्रम ३२०१’ हा गणक १८० नॅनोमीटरच्या पिढीतील आहे. अग्निबाणाला असे गणक मोजकेच लागतात आणि तेथे चौरस मिलिमीटरच्या बचतीपेक्षा विश्वासार्हतेस मोल आहे. तेथे जुनी पिढी हीच शहाणपणाची निवड ठरते.

गेल्या काही वर्षांत या व्यापाराचा पायाच हलला आहे. ‘प्लेस्टेशन ४’ ची चिप २०१३ मध्ये २८ नॅनोमीटरवर सुमारे ३४८ चौरस मिलिमीटर होती. २०१६ मध्ये ती १६ नॅनोमीटरवर सुमारे २०८ झाली आणि तीन वर्षांत यंत्राची किंमत ३९९ वरून २९९ डॉलरवर आली. जुना नियम येथवर चालला. त्यानंतर मात्र नव्या पिढीची चकती इतकी महाग होत गेली की जागेची बचत त्या महागाईतच विरून जाऊ लागली. अत्यंत लघुलहरींच्या अतिनील (ईयूव्ही) प्रकाशाने आकृती उमटविणारे नवे यंत्र नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनविते आणि त्या एका यंत्रास पंधरा कोटी डॉलरहून अधिक पडतात. ज्या कारखान्यांत सर्वांत सूक्ष्म चिपा होतात ते जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि खेळयंत्रांच्या कंपन्यांना तेथे मोबाइल कंपन्यांच्या शेजारी रांगेत उभे राहावे लागते. त्यातही चिपेवरील स्मृतीचा भाग लहान होण्याचे जवळजवळ थांबले आहे. तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर पिढीत स्मृतीच्या एका कोशास ०.०२१ चौरस मायक्रॉन जागा लागत होती. पुढील ३ नॅनोमीटर पिढीच्या प्रचलित आवृत्तीतही तेवढीच लागते. तसे पाहता ‘५’ आणि ‘३’ ही आता पिढ्यांची नावे झाली आहेत. चिपेवरील कोणत्याही भागाची ती प्रत्यक्ष लांबी नव्हे.

‘प्लेस्टेशन ५’ नोव्हेंबर २०२० मध्ये ७ नॅनोमीटरच्या चिपेसह आले. २०२२ मध्ये ती चिप ६ नॅनोमीटरवर गेली आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे ३०० वरून २६० चौरस मिलिमीटरवर आले; उष्णता वाहून नेणारा ठोकळाही हलका झाला. पूर्वीच्या काळी एवढ्यावर किंमत उतरल्याची जाहिरात आली असती. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२२ मध्ये युरोप व जपानसह अनेक देशांत यंत्राची किंमत वाढविण्यात आली. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांस मिळू लागलेले यंत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांचे झाले. अमेरिकेत २१ ऑगस्ट २०२५ पासून ५०० डॉलरच्या यंत्रास ५५० डॉलर पडू लागले. प्लेस्टेशन २ बाजारात येऊन पाच वर्षे झाली तेव्हा त्याची किंमत निम्म्यावर आली होती. प्लेस्टेशन ५ पाचव्या वर्षी पहिल्या दिवसापेक्षा महाग विकले गेले.